चिलटं धरायला छत्रपती संभाजीनगरला

माझ्या या ब्लॉगवर आजवर तुम्ही घाट, किल्ले, खानावळी आणि एकदा तर नुसती मिसळीची सहल वाचलीत. या वेळची सहल माझ्या लेकीच्या निवडचाचणीची आहे. गौरीनं नाशिकला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुढं न्यूरोजेनेटिक्समध्ये संशोधन शिकायचं ठरवलं. न्यूरोजेनेटिक्स म्हणजे मेंदूचे आणि मज्जातंतूंचे जे आजार आईबापांकडून मुलांकडे येतात, त्यांचा जनुकांत शिरून घेतलेला शोध. संभाजीनगरच्या एका प्रशिक्षण केंद्रानं तिला दोन दिवसांसाठी बोलावलं. 'मी एकटी जाईन गं' असं ती वरचेवर म्हणायला लागली, तेव्हा मी माझीही पिशवी भरली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गौरीच्या बाबांना, विलासरावांना, असाच एक आजार आहे. चालताना तोल जातो, बोलताना जीभ जड होते, पेला ओठापर्यंत नेईतो निम्मं पाणी सदऱ्यावर. त्यांच्या आईलाही होता. हा आजार मुलांपैकी एखाद्याला येतो, एखाद्याला येत नाही, आणि रक्त तपासलं तर ते आधीच कळू शकतं. गौरीनं अजून तपासलेलं नाही. तिनं हा विषय निवडल्यापासून मला एकच धास्ती आहे. दिवसभर जनुकं बघत बसणारी मुलगी आज ना उद्या स्वतःचं रक्त बघणारच, असं मला वाटायचं. मला ते कळायला नको होतं, आणि तिला कळायला तर त्याहून नको होतं.

नाशिकरोडहून सकाळची गाडी धरा. सेकंड सीटिंगचं आरक्षण आधी करून ठेवा, नाहीतर मनमाडपर्यंत दारात उभं राहून पाय भरून येतात. मनमाडच्या पुढं कपाशीची शेतं सुरू झाली. देवगिरीचा किल्ला दिसल्यावर मी गौरीला कोपरानं ढोसलं, तर ती माश्यांच्या पंखांची चित्रं पाहण्यात गढलेली. मुख्य स्टेशनावरच उतरा. मुकुंदवाडीचं छोटं स्टेशन त्याच्या पुढं आहे आणि तिथं सगळ्या गाड्या थांबत नाहीत. आम्ही क्रांती चौकाजवळ लॉज घेतला. खोली साधी, पण चादरी धुतलेल्या होत्या. मी उलटून पाहिल्या.

दुपारी लेखी परीक्षा झाली. गौरी बाहेर आली ती हसत. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचं काम तिला घरूनच करायचं होतं, म्हणजे लॉजवरून. शहरातल्या फळमाश्या पकडून आणायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले नर-मादी वेगळे करून दाखवायचे. फळमाशी म्हणजे आपलं चिलट हो, पिकल्या केळ्यावर घोंघावतं ते. त्याच्या कितीतरी जनुकांचा माणसाच्या जनुकांशी मेळ बसतो, म्हणून मेंदूचे आजार त्याच्यात अभ्यासतात. मी घरगुती फराळाचा धंदा करणारी बाई. आयुष्यभर माझ्या स्वयंपाकघरात चिलट शिरू दिलं नाही, आणि माझ्या पोटची पोर त्यांच्यात करिअर करायला निघालेली!

संध्याकाळी गुलमंडीत फिरलो. कापडाच्या दुकानांत मी अडकले, गौरीनं मला ओढून इमरती खायला नेलं. गरम इमरती हातात घेऊन रस्त्यावर उभ्यानं खावी, पाक मनगटापर्यंत येऊ द्यावा. परतताना तिनं चार काळी पडलेली केळी घेतली, एका बाटलीत कुस्करली, बाटलीला कागदाचं नरसाळं लावलं आणि ती खिडकीत ठेवली.

सकाळी ती अंघोळीला गेली होती. बाटलीत चिलटंच चिलटं. तेवढ्यात दार वाजलं. लॉजचे मॅनेजर उभे.

"मावशी, खोलीत काय नासलंय का? व्हरांड्यात लई वास येऊ लागलाय. बाजूचे पाहुणे बोंबलायलेत."

नासल्याचा वास आणि तोही माझ्या खोलीत! मी ओशाळले. खाली घंटागाडीचं गाणं वाजत होतं. मी बाटली उचलली, जिना उतरले, गाडीत टाकली, वर येऊन हात धुतले आणि उदबत्ती लावली. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

गौरी ओल्या केसांनी बाहेर आली. "आई, बाटली?"

"घंटागाडीत दिली."

तिनं रिकाम्या खिडकीकडं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "मुद्दाम टाकलीस?"

मला ते फार लागलं. रडूच आलं. "वास आला म्हणून टाकली गं. हात आपोआप गेला."

"पण मी हे शिकू नये असं वाटतं ना तुला?"

आता खोटं कशाला बोलायचं? "वाटतं," मी म्हणाले. "पण बाटली वासामुळंच टाकली. दोन्ही खरं आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं, केसांना पंचा गुंडाळला आणि म्हणाली, "रडून झालं असेल तर चप्पल घाल. शहागंजला जाऊ."

रिक्षानं शहागंजच्या फळबाजारात पोचलो. एका म्हाताऱ्या फळवाल्याकडं सीताफळांचा ढीग होता, आणि बाजूला उकललेल्या फळांची टोपली. गौरीनं त्यांना सडकी सीताफळं कुठली आहेत ते विचारलं.

"ताजा माल छोड के सडेला होना बेटी?"

"माल नको चाचा, त्याच्यावरची चिलटं हवीत."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे पोरगी शहाणी आहे असं.

"मक्खियाँ होना?" चाचा खदखदून हसले. "लेको जाओ ना अम्मा, सब लेको जाओ! सुबू से उडा उडा के हात दुख रा मेरा. पैसे बी नक्को."

गौरी टोपलीवर केंद्रानं दिलेल्या काचेच्या नळ्या उपड्या धरायची, चिलटं वर चढली की कापसाचा बोळा लावायची. मीही एक नळी घेतली आणि दोन चांगल्या टपोऱ्या माश्या धरून तिला अभिमानानं दाखवल्या. "आई, या घरमाश्या आहेत," ती म्हणाली. मग चाचांनी मला स्टुलावर बसवून चहा दिला आणि माझ्याकडून काम काढून घेतलं. निघताना मी त्यांच्याकडून दोन किलो चांगली सीताफळं घेतली. तुम्ही सीताफळांच्या दिवसांत गेलात तर शहागंज चुकवू नका, सकाळीच जा.

केंद्रावर वेळेत पोचलो. गौरी आत गेली आणि मी बाहेर बाकावर. दुपारी केंद्राच्या प्रमुख बाईंनी आलेल्या पालकांना आत बोलावून प्रयोगशाळा दाखवली. त्या बीडकडच्या, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी पुढची वाटही नीट समजावून सांगितली. ती इथं देते, कुणाच्या घरात असं पोर असेल तर उपयोगी पडेल. हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जैवरसायनशास्त्र, कशातूनही पदव्युत्तर शिक्षण घेऊन येता येतं. काही संस्थांत एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र होते. फेलोशिपची परीक्षा पास झालात तर शिकताना दरमहा पैसे मिळतात. नाहीतर आधी काही महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायचं, एखाद्या प्रकल्पात सहायक व्हायचं आणि मग पीएच.डी.चं बघायचं. जनुकीय समुपदेशनाचाही अभ्यासक्रम असतो, म्हणजे आजार असलेल्या घरातल्या लोकांशी बोलायला शिकायचं.

मग त्यांनी दोन नळ्या टेबलावर आपटल्या. सगळी चिलटं तळाला पडली. पहिल्या नळीतली सरसर वर गेली. दुसरीतली थोडी चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. त्यांच्यात आजाराचं जनुक होतं. मला विलासराव आठवले, आमच्या घराचा जिना चढताना. चिलटाबद्दल माया वाटेल असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाकीचे पुढं गेल्यावर मी बाईंना गाठलं आणि घरचं सगळं सांगितलं. विचारलं, "इथं शिकणाऱ्या मुलांना स्वतःचं रक्त तपासावं लागतं का हो?"

"नाय हो ताई," त्या म्हणाल्या. "इथं आल्या-आल्या आम्ही तेच शिकवतो. तपासायचं का नाय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. दुसऱ्यानं मागं लागायचं नाय. व्हय म्हणून नाय आन् नको म्हणूनबी नाय. नवऱ्यानं नाय, सासूनं नाय."

"आईनं?"

त्या हसल्या. "आईनं तर मुळीच नाय. तिच्यानंच ऱ्हावत नस्तंय."

परतीच्या गाडीत आम्ही दोघींनी सीताफळं खाल्ली आणि बिया कागदात गोळा केल्या. रिक्षा, लॉज, खाणं, सगळं धरून दोघींचं तीन हजारांत भागलं.

घरी विलासरावांनी बाटलीचा किस्सा तीनदा सांगायला लावला आणि तिन्ही वेळा ठसका लागेपर्यंत हसले. आठवड्याभरात निवड झाल्याचा मेल आला. त्यांनी तो मोठ्यानं वाचायचा हट्ट धरला. शब्द अडखळत होते, वेळ लागला, पण आम्ही कुणी मध्ये बोललो नाही. मला आनंद झाला. मनापासून झाला, हे माझं मलाच नवल वाटलं.

या प्रवासातून काय राहिलं म्हणाल, तर इमरती, चाचांचा चहा आणि बाईंचं ते बोलणं. ते पचवायला मला वेळ लागतोय. गौरी निघाली त्या दिवशी मी तिच्या डब्यात चिवडा भरत होते. एकच प्रश्न राहून राहून ओठांवर येत होता. तिनं ते ओळखलं.

"आई, विचार ना."

मी डब्याचं झाकण लावलं. "नाही विचारणार. तुला कधी बघावंसं वाटलं तर बघ. मला सांगावंसं वाटलं तर सांग."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर नको सांगूस. पण घरी येत जा."