अक्कांचं कार्ड

मी लोह्याची. नांदेडच्या आयटीआयमधून फिटर झाले आणि अप्रेंटिस म्हणून लातूरला आले. एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात डाळ मिलच्या यंत्रांचे सुटे भाग बनत. मशीनवर बाई मी एकटीच. पॅकिंगला उदगीरकडच्या एक अक्का होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, कायम झालेल्या. जेवायच्या सुट्टीत त्या मला जवळ बसवून घेत.

पाचव्या महिन्यात ड्रिल मशीनवर माझी चूक झाली. लोखंडी पट्टी मी नीट आवळली नव्हती. ड्रिल टेकताच ती गर्रकन फिरली आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटावर बसली. रक्त फार नव्हतं, पण बोट भलतीकडेच वळलेलं दिसत होतं.

सुपरवायझरने फडकं गुंडाळलं आणि विमा दवाखान्यात जायला सांगितलं. मग त्याच्याच लक्षात आलं, की अप्रेंटिसला ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नसतो. आमच्या पैशातून विम्याची कपात होत नाही, म्हणून कार्डही नाही. कायद्याच्या हिशेबी आम्ही शिकणारे, कामगार नव्हे. मला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. मालक बाहेरगावी होते, फोन लागत नव्हता.

अक्कांनी पिशवीतून आपलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"माझं नाव सांग. फोटो लई जुना हाय, वळखू येत न्हाई."

मी रिक्षाने एकटीच गेले. खिडकीवर कार्ड दिलं आणि बाकावर बसले. हात ठणकत होता, तरी डोकं चालू होतं. डॉक्टर विचारणार, कुठे लागलं? कामावर म्हटलं तर अपघात अक्कांच्या नावावर लिहिला जाणार, आणि अक्का तर तिकडे धडधाकट हातांनी खोकी बांधत बसलेल्या. उद्या त्यांना खरंच काही झालं तर?

तेवढ्यात अक्कांचं नाव पुकारलं. मी उठले नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा खिडकीशी जाऊन सांगितलं, की हे कार्ड माझं नाही, मी अप्रेंटिस आहे.

खिडकीतल्या बाईंनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग कार्ड परत केलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात जा, एक्स-रे काढून घे. आणि तुझ्या कराराचा कागद बघ. शिकाऊ माणसाला कामावर लागलं तर जबाबदारी मालकाची असते."

हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून परत आले, कार्ड अक्कांना दिलं, नाव पुकारलं तेव्हा उठले नाही एवढंच सांगितलं. त्यांनी ते पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कारकून काकांना करार मागितला. कपाळभर विभूती लावणारा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी फाइल काढली, दोनदा वाचली, आणि संध्याकाळी मालक आल्यावर त्यांच्यासमोर ठेवली. चूक तुझीच, असं ऐकायची तयारी करून मी उभी होते. मालकांनी कोणता हात ते विचारलं, थोडा वेळ कागद पाहिला आणि काकांना अपघाताची नोंद करायला सांगितलं. औषधपाणी कारखान्याने केलं. भरपाई नियमाने जी बसत होती ती उशिरा, पण मिळाली.

अक्का मात्र बोलेनात. प्लास्टर निघाल्यावर मी कामावर गेले, तरी त्यांनी मला हाक मारली नाही. शेवटी मीच जाऊन बसले आणि बाकावर मनात काय काय आलं ते सगळं सांगितलं.

"माझ्यावर बालंट येईल म्हणून उठली न्हाईस?"

"हाव."

त्यांनी खोक्याची दोरी सोडवायला घेतली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझं नाव घ्यायची लाज वाटली तुला."

मी दोरीचं दुसरं टोक धरलं.

अप्रेंटिसचं वर्ष संपल्यावर मला तिथेच कामाला घेतलं. ईएसआयचा फॉर्म भरताना काकांनी विचारलं, कुटुंबात कोण, त्यांनाही उपचार मिळतात. मी आईचं नाव सांगितलं आणि लगेच तिला फोन लावला. ती म्हणाली, लोह्यात हाय का ह्या विम्याचा दवाखाना? मी म्हटलं, नाही, नांदेडला जावं लागेल. बघू, म्हणाली.