सहा आकडे वाचून दाखवणारी

संस्थेच्या संगणकात बाहेरून शिरायचं तर दोन गोष्टी लागत. एक पासवर्ड, तो डोक्यात. दुसरी एक अंगठ्याएवढी डबी. बटण दाबलं की तिच्यावर सहा आकडे उमटत आणि अर्ध्या मिनिटात बदलत. डबी ज्याची त्यानेच बाळगायची, असा सक्त नियम होता. माझी डबी मी माझ्या हाताखाली कंत्राटावर काम करणाऱ्या सहायक मुलीकडे ठेवली होती.

संस्था नागपूरला, धानाच्या वाणांवर काम करणारी. वडिलांना लकवा मारला तेव्हापासून मी आठवड्यातले तीन-चार दिवस तुमसरला घरून काम करू लागलो. एकदा डबी टेबलातच विसरून आलो. तिला फोन केला, तिने आकडे वाचले, काम झालं. मग तीच सवय पडली. सुटीत ती पवनीला घरी गेली तरी डबी सोबत ने, असं मी बजावत असे.

"सर, हे बरोबर नाही. तुमची डबी तुमीच ठेवा न."

"तू मले नियम शिकवून राहिली का? आकडे सांग."

ती मला आवडत नव्हती, हेही आता सांगून टाकतो. माझ्या तक्त्यांतल्या चुका ती भर बैठकीत दाखवायची. आणि त्या चुका असायच्याच.

एका रविवारी दुपारी तिने पवनीहून आकडे सांगितले, मी आत शिरलो. पलीकडच्या खोलीतून धाकटा भाऊ ओरडला, "दादा, बाबाले कुशीवर करायले ये म्हटलं न! का त्या कंप्युटरलेच बाप समजून राहिला?"

"येतो म्हटलं न!" मी उलटा ओरडलो आणि त्याच तणतणीत जुन्या प्रती पुसायचा हुकूम भलत्याच फोल्डरवर सोडला. अख्ख्या हंगामाच्या शेतावरच्या नोंदी गेल्या. दर आठवड्याला त्यांची दुसरी प्रत काढणं माझं काम होतं. मी महिनोन् महिने काढलीच नव्हती.

संस्थेच्या मोठ्या साहेबांपुढे चौकशी बसली. संगणकाच्या नोंदीत माझं नाव होतं, शिरकाव बाहेरून, मोबाइलच्या नेटवरून. तुमसर की पवनी, ते कळायला मार्ग नव्हता.

"डबी तिच्याकडे होती," मी म्हणालो. होतीच.

"पासवर्ड?"

"तिला माहीत असणार." नव्हता.

तिने माझा दुपारचा फोन आल्याचं मोबाइलवर दाखवलं. सोमवारच्या कामाचं बोललो, असं मी ठोकून दिलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, काहून खोटं बोलता?" मी साहेबांकडेच बघत राहिलो. त्याच आठवड्यात तिचं कंत्राट संपवलं.

ती पुढे जिथे अर्ज करी, तिथले लोक संस्थेत विचारायचे. असा एक फोन माझ्याकडे आला होता. मी म्हणालो, "विचार करून घ्या." एवढंच. तेवढं पुरलं.

यंदा दुसरा फोन आला, दुसऱ्या जागेसाठी. या वेळी तेच खोटं पुन्हा बोलवेना. उद्या बोलतो म्हणून ठेवला आणि सकाळी पवनीची बस धरली.

ती घरच्या कापडाच्या दुकानात बसली होती. ओळखूनही म्हणाली, "काय दाखवू?"

"खरं सांगायले आलो."

"मले कायले सांगता? मले तर माहीतच आहे." तिने बिलबुकातून दोन कोरी पानं फाडून माझ्यापुढे टाकली. "लिहा. एक संस्थेले, एक त्या नवीन जागेले."

मी लिहिलं. ती उभ्याउभ्याच वाचत होती. "'गैरसमजातून' काहून लिहिलं? कोणाचा गैरसमज झाला? मले तर नाही झाला."

मी तो शब्द खोडला आणि 'मी खोटं बोललो' असं लिहिलं. माझे डोळे भरून आले.

"इथं रडू नका. गिऱ्हाईक येतात."

दोन्ही पानांवर सही घेऊन तिने फोटो काढले, माझ्यासमोरच दोन्हीकडे पाठवले. मी तरी उभाच.

"आता काय चहा पाजू? निघा."

संस्थेने मला सोमवारी बोलावलं आहे. जे काय होईल ते होवो, आता मी फिरवाफिरव करणार नाही. तिला ती जागा मिळाली का, हे मात्र मला कळलेलं नाही. दोनदा फोन लावून पाहिला. माझा नंबर तिने ब्लॉक करून टाकला आहे.