धुराड्यामागची खोली

आमच्या माहेरी नारळ फोडायचा तो खोबऱ्यासाठी. वडील केमिस्ट्री शिकवायचे आणि अमावस्येला मुद्दाम केस कापायला जायचे. मी स्वतः मायक्रोबायॉलॉजीतली. तेव्हा हे वाचून कुणी "बाई, तू सुद्धा?" म्हणालंच, तर मी त्यांच्याच बाजूची आहे. पण जे झालं ते झालं... आणि इतक्या वर्षांत ते खोडून काढणं मला जमलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. माझा नवरा अरुण बॉस्टनच्या उत्तरेला एका कॉम्प्युटर कंपनीत होता. आम्ही राहायचो त्याच्या ऑफिसपासून चाळीस मिनिटांवर, शेतांच्या मधोमध, भाड्याच्या एका जुन्या फार्महाऊसमध्ये. घरमालकीण मिसेस व्हिटकम, निवृत्त शाळामास्तरीण, रस्त्यापलीकडे नव्या घरात राहायची. तिचे पूर्वज इंग्लंडमधल्या सफोकचे शेतकरी. इथे आल्यावर त्यांनी गावाकडच्यासारखंच घर बांधलं, फक्त इथला बर्फ बघून बाहेरून लाकडी फळ्या ठोकल्या. आधी एक खोली आणि धुराडं. मग धुराड्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक खोली. मग कधीतरी मागचं छप्पर खाली, पार माणसाच्या उंचीपर्यंत ओढून घेऊन त्याखाली स्वयंपाकघर. बाजूने बघितलं तर पाठीवरून पदर ओढून बसलेली बाईच वाटायची. तुळया ओकच्या, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. कुठला सांधा कुठे बसतो ते कळावं म्हणून सुतारांनी कोरलेल्या खुणा अजून दिसायच्या. मला त्या तुळया नीट माहीत आहेत, कारण बहुतेकींवर माझं डोकं आपटलेलं आहे.

त्या अजस्र धुराड्याच्या मागे एक चिमुकली खोली होती. एक कॉट आणि एक पाळणा, की संपली. ती घर दाखवत होती तेव्हा मी विचारलं, ही कोठीची का? मिसेस व्हिटकम म्हणाली, नाही, घरातल्या बायका इथे बाळंत व्हायच्या. धुराड्याची भिंत पाठीशी, म्हणून घरातली सगळ्यात उबदार जागा. मी म्हटलं, आमच्याकडे याला शब्द आहे — बाळंतिणीची खोली. तिला त्याचं फार कौतुक वाटलं. 'ळ' काही जमला नाही, पण ती म्हणत राहिली.

आता मात्र ती खोली उबदार नव्हती. मिसेस व्हिटकमच्या आजोबांनीच सगळ्या चुली विटांनी बुजवून टाकल्या होत्या. तळघरात तेलावरचा फर्नेस होता, त्याचा पाइप वेगळा बाहेर काढलेला. धुराडं म्हणजे नुसता दगडविटांचा ढीग.

जानेवारीत आमची मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. हातात घेतली की पक्षी धरल्यासारखं वाटायचं. हॉस्पिटलने घरी सोडताना बजावलं होतं, हिला ऊब हवी, आणि दर आठवड्याला वजन वाढलंच पाहिजे, नाहीतर परत आणा. आई येणार होती, पण ऐनवेळी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. तिने एका ओळखीच्या काकूंबरोबर डिंकाचे लाडू, ओवा आणि बाळंतशेपा पाठवला. तो डबा एअरपोर्टवरच कस्टमवाल्यांनी काढून घेतला. काकूंचा फोन आला तेव्हा मी लाडवांसाठी नाही, आईसाठी रडले.

पुढच्या खोल्यांना मोठमोठ्या खिडक्या आणि झोंबणारा वारा. म्हणून मी आणि बाळ त्या धुराड्यामागच्या खोलीत गेलो.

आणि दुपारी तिथे शेक यायचा.

दुसरा शब्द मला सुचत नाही. बाहेर बर्फ पडत असायचा, छोट्या खिडकीतून दुधाळ उजेड यायचा, बाळ पिऊन झोपलेलं, आणि माझाही डोळा लागायचा. अर्धवट झोपेत दाराची कडी वाजायची. कुणीतरी हलकेच आत यायचं, उशाशी बसायचं. मग पाठीमागची भिंत तापू लागायची... कंबरेत मुरलेली कळ विरघळून जायची. आणि बाळंतशेपा भाजल्याचा वास. मी डोळे उघडत नसे. मला वाटायचं, अरुण आहे. लंच अवरमध्ये एवढा गाडी हाणत येतो, कुठूनतरी शेपा पैदा करतो, शेगडी ठेवतो आणि गुपचूप परत जातो. स्वतःचा चहा कधी स्वतः ओतून न घेतलेला माणूस! डोळे उघडले तर लाजेल आणि उद्यापासून येणार नाही, म्हणून मी झोपेचं सोंग वठवायची. मला तो तेव्हा इतका आवडायला लागला होता की काय सांगू.

बाळाचं वजन वाढत होतं. दर आठवड्याला.

सव्वा महिना होत आला तेव्हा एका शनिवारी अरुण कॉटच्या काठावर येऊन बसला. पायमोज्याशी चाळा करत होता.

"रागावू नकोस," तो म्हणाला, "पण ते निखारे आता बंद कर. लाकडाचं घर आहे. मला ऑफिसमध्ये दुसरं काही सुचत नाही."

"कुठले निखारे?"

"तू शेकाला ठेवतेस ते. मी संध्याकाळी येतो तर खोली उबदार असते, शेपाचा वास असतो. तुला बरं वाटतंय म्हणून इतके दिवस बोललो नाही."

"अरुण, दुपारी तू येतोस ना?"

तो एकदाही आला नव्हता.

आम्ही दोघांनी भिंतीला हात लावला. कोमट होती. सोमवारी सकाळी गवंडी आला. त्याने वरून दिवा सोडून बघितलं — आत पाखरांची घरटी, पडलेल्या विटा आणि गोठलेला बर्फ. या धुराड्यात त्याच्या जन्माआधीपासून विस्तव नाही, असं सांगून तो गेला. मिसेस व्हिटकम सगळं शांतपणे ऐकत होती. मागच्या दारी पूर्वी शेपू लावायचे, म्हणाली, बाळांच्या पोटासाठी. मग तिने विचारलं, "बाळाचं वजन वाढतंय ना?" मी हो म्हटलं. "मग असू दे," ती म्हणाली आणि कोट चढवून घरी गेली.

त्या दुपारी पुन्हा कडी वाजली. यावेळी मी डोळे उघडले. दारात अरुण उभा होता, टोपीवर बर्फ, हातात गरम पाण्याची रबरी पिशवी. "फार गरम नाही ना बघ," म्हणाला. तो हिवाळा सरेपर्यंत रोज आला. शेक मात्र त्याला कधी धड देता आला नाही, पिशवी नेहमी चुकीच्या जागी ठेवायचा.

भिंत त्या दिवसापासून गार पडली, ती गारच राहिली.

मुलगी आता स्वतः डॉक्टर आहे. तिचं म्हणणं, मॉम, यू वेअर एक्झॉस्टेड. असेनही. पण मग अरुणला संध्याकाळी वास कसला यायचा, हे तिलाही सांगता येत नाही आणि मलाही. मी आजही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मला एवढीच चुटपुट लागून राहिली आहे — सव्वा महिना कुणीतरी माझ्या उशाशी येऊन बसत होतं, माझ्या लेकीला ऊब देत होतं, आणि मी डोळे मिटून पडले होते. एकदाही वळून बघितलं नाही. चहासुद्धा विचारला नाही.