सुरमई, चकती आणि माझं काळीज

मासे घेताना माझ्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही, असा माझा लौकिक होता. (तो मीच पसरवला होता, हा भाग वेगळा.)

त्या रविवारी व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार होते. "सुरमय घेवनच येवा," बायकोने बजावलं. "नायतर तेंका डाळभात वाढून तुमचो लौकिक सांगत बसा!"

नेमकी माझी पुतणी केतकी पुण्याहून आली होती. तिची कंपनी छातीला चिकटवायची एक चकती बनवते. हृदयाची धडधड, पोटाची गुरगुर, सगळं टिपून फोनवर ऐकवणारी. गोंगाटात ती कितपत चालते, हे केतकीला तपासायचं होतं. मालवणच्या मासळीबाजारापेक्षा मोठी प्रयोगशाळा कुठली? तिने चकती माझ्याच छातीला चिकटवली.

"काका, इअरफोन विसरले. फोन मोठ्याने लावते, चालेल?"

"लाव गो! माज्या काळजात लपवच्यासारखा काय आसा?"

बाजारात धड सुरमई एकच होती, शेवंताबायच्या टोपलीत. मी तिच्याकडे (सुरमईकडे) तुच्छतेने पाहिलं. "कालची दिसता."

केतकीच्या हातातला फोन बोलला: धडधड, धडधड, धडधड!

"ह्या काय वाजता गो?" शेवंताबायने विचारलं.

केतकीने शास्त्रीय प्रामाणिकपणे सगळं समजावून सांगितलं. (शिक्षणाचे तोटे!) शेवंताबायने सुरमई शेपटीला धरून उचलली. धडधड वाढली. खाली ठेवली. कमी झाली. पुन्हा उचलली!

"काकानू, तोंड कालची म्हणता, काळीज आजची म्हणता. मी कोणाचा आयकू?"

मग मी हुकमी अस्त्र काढलं. पाठ फिरवून चालू लागलो. एरवी लगेच हाक येते. या वेळी मागून माझीच छाती ढोलासारखी ऐकू येत होती. तेवढ्यात एका पर्यटकाने सुरमईला बोट लावलं, आणि फोनमधून असा काही कल्लोळ उठला (त्यात पोटानेही साथ धरली) की पलीकडच्या कोळंबीवाल्या बायका उठून बघायला आल्या!

"मागे येवा, काकानू!" शेवंताबाय ओरडली. "हकनाक मरशात!"

ती म्हणाली तो भाव निमूट दिला. व्याही तृप्त झाले. केतकी त्याहून तृप्त. "काका, एवढ्या गोंगाटातही किती स्वच्छ आवाज! चकती पास!"

पुढच्या रविवारी चकती पुण्याला परत गेली होती. मी निर्धास्त मनाने, दगडी चेहऱ्याने शेवंताबायसमोर उभा राहिलो. "बांगडे नरम दिसतत."

तिने कानामागे हात धरला.

"वायच थांबा, काकानू. माका आयकाक येता."

आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की मलाही येत होतं!