तिकोणा पेठेतली शर्यत

निलगिरी तेलाचा वास आला की तिकोणा पेठेतली शर्यत आठवते. मी अकरावीत होते. वडील नेपाळहून येऊन लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करायचे. त्या दिवशी धावताना गावातल्या उतारावर माझा पाय मुरगळला आणि मी रस्त्याकडेला रडत बसले. समोरच्या घरातली मावशी तेलाची बाटली घेऊन आली. चोळता चोळता तिनं विचारलं, "कुटली गं तू?" सवयीनं मी म्हणाले, "नेपाळची." "आगं बया, लय लांबनं पळत आलीस की!" मला रडता रडता हसू फुटलं. "आन् घर कुटं?" "लोणावळ्याला." "मंग हितलीच की. ऊठ, पळ." मी लंगडत सगळ्यांत शेवटी पोचले. 'कुठली तू?' हा प्रश्न मला आजही विचारतात. पण त्या दिवसाआधी मी त्यावर कधी हसले नव्हते.