जुन्या बोर्डावर नवं कार्ड

मशीन टेबलावर उघडं पडलेलं होतं आणि राणेसाहेब माझ्या डोक्यावर उभे होते.

"मॅडम, कार्ड की बोर्ड? एकच काय ते सांगा."

राणेंचा डोंबिवली पूर्वेला केबलचा धंदा होता. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. तेव्हा आमच्या भागातला जवळजवळ प्रत्येक केबलवाला स्वतःचं एक लोकल चॅनेल चालवायचा. त्यावर सिनेमे लागायचे आणि मधल्या वेळात पाट्या. क्लासची जाहिरात, साड्यांचा सेल, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाच्या निधनाची बातमी. या पाट्या ज्या कॉम्प्युटरवरून टीव्हीवर जायच्या त्याची देखभाल माझ्याकडे होती. मी ठाण्यात राहायचे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, आणि कल्याण-डोंबिवलीतल्या बऱ्याच ऑफिसांची मशीन्स बघायला जायचे. हार्डवेअरमध्ये बाई म्हटल्यावर लोक आधी माझ्या पाठीमागे कोणी साहेब आलाय का ते बघायचे. राणे त्यातले नव्हते. मी सांगेन ते ते ऐकायचे.

तक्रारी दोन होत्या. चित्रातले रंग फाटायचे, अक्षरं थरथरायची. आणि अधूनमधून मशीन हँग व्हायचं, म्हणजे जागच्या जागी थिजायचं.

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचं मुख्य सर्किट. बाकी सगळं त्याच्यावर बसतं. डिस्प्ले कार्ड हा त्यावर खोचलेला एक भाग. बोर्डाकडून आलेलं चित्र ते स्वतःच्या मेमरीत ठेवतं आणि तिथून पडद्याकडे सतत पाठवत राहतं. रंग फाटतात तो दोष बहुतेक कार्डाचा. हँग होण्याचा दोष कशाचाही असू शकतो.

बोर्ड मी नीट पाहिला होता. त्यावर घड्याळासाठी एक छोटी बॅटरी असते. ती पाझरून आजूबाजूला हिरवट बुरशीसारखा थर धरला होता. मी तो ब्रशने आणि स्पिरिटने साफ केला. खालच्या बारीक तांब्याच्या रेषा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या, पण तुटलेल्या नव्हत्या. बोर्ड बदलायचा तर त्याबरोबर मेमरी बदला, पाट्यांचा प्रोग्राम नव्याने बसवा, चॅनेल दोन-तीन दिवस बंद ठेवा. कार्ड तासाभरात बसलं असतं. शिवाय जाहिरात देणाऱ्याला दिसतं ते चित्र, बोर्ड कोणाला दिसतो?

"कार्ड," मी म्हटलं. "बोर्ड अजून वर्षभर काढेल."

नवं कार्ड बसवलं आणि पाट्या खरंच सुंदर दिसायला लागल्या. राणेंनी कौतुक केलं. दुसऱ्या दोन केबलवाल्यांना त्यांनी माझं नाव सांगितलं. मला फार बरं वाटलं.

पुढे काही आठवड्यांनी, एका संध्याकाळी, मी मानपाड्याच्या एका कारखान्यात असताना पेजर वाजला. राणेंचा निरोप होता, ताबडतोब या. फोन लावला तर एंगेज. रिक्षा करून गेले. कंट्रोल रूममध्ये राणे एकटेच होते. फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला. त्यांनी नुसतं मॉनिटरकडे बोट केलं.

पडद्यावर एका म्हाताऱ्या माणसाचा हसरा फोटो होता. शेजारी नाव, गोविंद भोईर. आणि खाली ओळ: दुःखद निधन, अंत्ययात्रा सकाळी राहत्या घरून निघेल.

गोविंद भोईर जवळच्याच गावठाणातले, आगरी समाजातले मानाचे गृहस्थ. नुकतीच त्यांची सत्तरी साजरी झाली होती, म्हणून मुलांनी शुभेच्छांची पाटी दिली होती. त्याआधीची पाटी दुसऱ्याच कुणाच्या निधनाची होती. आमचा प्रोग्राम प्रत्येक वेळी पूर्ण पडदा पुसायचा नाही. पुसला की टीव्हीवर झटका दिसायचा. म्हणून तो जुन्यावरच नवं लिहायचा, आधी फोटो, मग नाव, शेवटी खालची ओळ. फोटो बदलला, नाव बदललं आणि त्याच क्षणी बोर्ड थिजला. खालची ओळ जुनीच राहिली.

जुनं कार्ड असतं तर चित्र एव्हाना फाटून गेलं असतं, कोणी वाचूही शकलं नसतं. मी बसवलेल्या कार्डाने ते अक्षरन् अक्षर स्वच्छ धरून ठेवलं होतं. राणेंचा माणूस कुठल्याशा गच्चीवर केबल जोडायला गेला होता. राणेंनी येऊन टीव्हीकडे जाणारी वायर उपटेपर्यंत पाऊण तास सगळ्या भागाने ती पाटी पाहिली.

मी मशीन बंद केलं. राणे म्हणाले, "चला. त्यांच्या घरी जायचंय. तुम्हीच सांगा काय झालं ते, मला मशीनमधलं कळत नाही."

स्कूटरवर मागे बसून मी वाक्यं जुळवत होते. सगळी कार्डाची आणि मेमरीची.

घरापुढे माणसं जमली होती. एक जण हार घेऊन आलेला, तो आता हार पाठीमागे लपवून उभा होता. गोविंददादा ओट्यावर खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, "जिता हाय मी." राणेंनी हात जोडले. मग मी बोलायला सुरुवात केली, डिस्प्ले कार्ड, मेमरी, बोर्ड. दोन वाक्यांनंतर मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. समोर माणूस बसलाय, दाराआड त्याची बायको डोळे पुसतेय आणि मी त्यांना चित्र कुठे साठतं ते समजावतेय. मी गप्प झाले. मग म्हटलं, "चूक माझी आहे." दादांनी मान हलवली. त्यांच्या सुनेने मला बसायला पाट दिला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. मोठा, गळा काढून. रिक्षातून एक म्हातारी उतरली, पायात चप्पल नाही, पदर खांद्यावरून सुटलेला. ती दादांची थोरली बहीण, पार्वतीआत्या, जवळच्या दिवा गावात राहणारी. तिच्या शेजारणीला इथल्या कुणीतरी फोन करून सांगितलं होतं. मला हे सुनेने हळूच सांगितलं. हेही सांगितलं की बापाची जमीन विकली तेव्हा वाटणीवरून बिनसलं आणि तेव्हापासून आत्याने या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. त्याला बरीच वर्षं झाली होती.

माणसं बाजूला झाली. आत्या भावाचं नाव घेत, त्याच्या लहानपणीचं काहीबाही आठवत ओट्यापर्यंत आली आणि तिला तो खुर्चीत बसलेला दिसला.

रडणं मध्येच तुटलं. ती तशीच उभी राहिली. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे तिच्या लक्षात आलं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ओट्याच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसली.

दादा म्हणाले, "तू आयलीस?"

"मना वाटलं तू गेलास," ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

"सत्तरीला निरोप धाडलेला. तवा नाय आयलीस."

  सुनेने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला, कारण आत्याच्या सगळ्यात जवळ मी होते. आत्याने पाणी घेतलं. पिताना तिने एकदाही मान वर केली नाही. इतक्या वर्षांचा हट्ट, तो असा भर गल्लीत, अनवाणी सुटला होता. आणि तो सोडवला होता कशाने, तर मी वर्षभर चालेल म्हणून सोडून दिलेल्या एका बोर्डाने.

थोड्या वेळाने ती उठली. घरी चुलीवर तसंच टाकून आले म्हणाली. सुनेने आत यायचा आग्रह केला, पण ती उंबऱ्याच्या आत गेली नाही. दादांनी आपल्या बायकोच्या चपला तिच्या पायापुढे ठेवायला लावल्या आणि थोरल्या मुलाला दिव्यापर्यंत सोडायला पाठवलं.

राणेंनी मग विषय काढला. उद्या दिवसभर चॅनेलवर जाहीर माफीची पाटी लावतो म्हणाले. मला हायसं वाटलं. चूक कुठेतरी लिहून, दाखवून संपली असती.

"नको," दादा म्हणाले. "माझं काय, मी बसलोय समोर. पन तू पाटी लावलीस का लोकं परत बोलनार, हसनार. तिच्यावर हसनार."

आम्ही पाटी लावली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चॅनेल बंद ठेवून बोर्ड बदलला. जुना काढून दिव्याखाली धरला तर बॅटरीजवळची एक रेष पूर्ण खाल्ली गेलेली होती. प्रोग्रामही बदलून घेतला. आता प्रत्येक पाटीआधी पूर्ण पडदा पुसला जायचा आणि झटका दिसायचा. साड्यांच्या सेलची पाटी देणाऱ्या कापडवाल्याने तक्रार केली. राणेंनी त्याला, झटका दिसतो तर दिसू दे, म्हणून सांगितलं.

त्या बहीणभावाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. राणेंकडे माझं पुढेही बरीच वर्षं जाणं होतं, पण विचारायचं तोंड नव्हतं. ज्या दोन केबलवाल्यांना राणेंनी माझं नाव सांगितलं होतं, त्यांच्याकडे मी आपणहून गेले आणि त्यांची मशीन्स उघडली. एकाच्या बोर्डावर तसाच हिरवा थर होता. तो म्हणाला, चित्र तर चांगलं येतंय की. मी म्हटलं, म्हणूनच बोर्ड बदला.