साबणाची चव

लग्न होऊन मुळगावला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून कानात एक गुपित सांगितलं. मला वाटलं, दागिन्यांचा डबा कुठे ठेवलाय ते सांगतायत. त्या म्हणाल्या, "हुमणांत मीठ एक चिमूट कमी घाल. तेंकां बोलूंक किदें तरी जाय न्ही?"

हुमण म्हणजे आमचं माशांचं कालवण, आणि ज्यांना बोलायला काहीतरी हवं होतं ते माझे सासरे. जेवायला बसले की पहिला घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "मीठ कमी." सासूबाई पाठ फिरवून मिठाची वाटी घ्यायच्या. वाटी हाताशीच असायची, पण त्यांना ती उचलायला अंमळ वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात त्यांचे खांदे हलताना मला दिसायचे. सासरे चिमूटभर मीठ टाकायचे, कालवायचे आणि आपल्यावाचून या घरात काही धड होत नाही अशा थाटात जेवायचे. हुमणातली तिरफळं जास्त, नारळ जून, भात मऊ, हे वरचं वेगळं. मी माहेरी हळर्णला गेले की त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे.

सासूबाई गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. त्या गेल्या आणि सासऱ्यांनी नावं ठेवणं बंद केलं.

पहिले काही दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मात्र भीती वाटायला लागली. ताटात पडेल ते खाली मान घालून खायचे, हात धुवायचे आणि बाहेर सोप्यावर, म्हणजे दारातल्या दगडी बाकावर, जाऊन बसायचे. मी रिवाजाप्रमाणे मीठ चिमूटभर कमी घालतच होते, पण एक शब्द नाही. शेवटी खोडी काढायची म्हणून मी एकदा बांगड्यांच्या हुमणात मीठच घातलं नाही. नवऱ्याने पहिल्याच घासाला माझ्याकडे बघितलं, तसा मी त्याला टेबलाखालून पाय मारला. सासऱ्यांनी सगळं हुमण संपवलं आणि म्हणाले, "बरें जालां."

त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडले. त्या माणसाच्या तोंडून 'बरें' हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मग मी हात टेकले आणि मीठ बरोबर घालायला लागले.

साबणाचं खूळ त्याच सुमाराला डोक्यात शिरलं. घर फार गप्प झालं होतं, म्हणून मी मोबाईलवर काहीबाही बघत बसायचे. त्यात एक बाई शेळीचं दूध आणि मध घालून साबण करताना दिसली. माझ्या भावाकडे हळर्णला शेळ्या आहेत आणि काजूच्या बागेत मधाच्या पेट्या, म्हणजे अर्धा साबण माहेरीच तयार होता. दूध बाटल्यांत गोठवून, वर्तमानपत्रात गुंडाळून मी म्हापशाला बस बदलून घरी आणलं. बसमधल्या शेजारणीने पिशवीला हात लावून विचारलं, "नुस्तें?" म्हणजे मासे का. मी म्हटलं, "साबण." ती उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

साबणाला लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याने दूध तापतं आणि करपतं, म्हणून दुधाचा बर्फ करून त्यावर तो चमचा चमचा टाकायचा असतो. मग खोबरेल घालून घोटायचं, आणि मध अगदी शेवटी. हातमोजे घालून, नाकातोंडाला ओढणी बांधून मी परसात उभी राहिले, तर नवरा म्हणाला, "दरोडो घालूंक वता?" पहिला घाणा करपून गुळासारखा दिसला. दुसरा मात्र तुपाच्या रंगाचा उतरला.

साबण नीट झाला का, त्यात सोडा उरला का, हे बघायची जुनी रीत म्हणजे जीभ. ओलं बोट वडीवर घासायचं आणि जिभेच्या टोकाला लावायचं. सोडा उरला असेल तर झटका बसतो. पहिल्या घाण्याने मला असा झटका दिला की दिवसभर मी बोबडं बोलत होते. म्हणून दुसऱ्या वेळी नवऱ्याला गळ घातली. तो मास्तर आहे. "म्हज्या जिबेर म्हजें पोट आसा," असं म्हणत तो पिशवी घेऊन शाळेत निघून गेला. त्या दिवशी रविवार होता.

मीच चाखलं. जीभ जराशी चुणचुणली, बाकी काही नाही. मग मला दुर्बुद्धी सुचली. सासरे सोप्यावर बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन मी पुन्हा बोट लावलं आणि मिटक्या मारल्या.

"किदें खाता गो तूं?"

"साबण."

त्यांनी मान पुढे काढून वडी बघितली. मी म्हटलं, "चव पळोवपाक कोण ना, बाबा. ह्या घरांत आतां कोणाकच जीब ना."

बोलून गेले खरी. सासूबाई असत्या तर माझा कान पिळला असता. पण सासऱ्यांनी हात पुढे केला. "आण हांगा."

त्यांनी बोट लावलं आणि डोळे मिटले. तेच डोळे मिटणं, कित्येक महिन्यांनी. मग उठले, माडाच्या मुळात थुंकले, तांब्याभर पाण्याने चुळा भरल्या आणि परत येऊन बसले.

"तिरफळां चड जालीं," ते म्हणाले. "आनी मध खंय घातला?"

साबणात तिरफळं नव्हतीच, तरी ती जास्त झाली होती! मला अंगणात नाचावंसं वाटलं. त्यानंतर प्रत्येक घाणा आधी त्यांच्या जिभेवरून जायचा. कधी वास उग्र, कधी वड्या वाकड्या, कधी फेस आळशी. एकदा तर माझ्या भावाचा उद्धार झाला, "शेळयांक किदें घालता तो? गोणपाट?" मी खाली मान घालून ऐकायचे आणि मनातून सुखावायचे. जेवताना मात्र ते अजून मुकेच होते.

मग एक दिवस बांगडे आले. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"मीठ..."

माझा हात आपोआप वाटीकडे गेला.

"...बरोबर आसा," ते म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं. "कित्याक बरोबर आसा? तिणें केन्नाच बरोबर घालूंक ना."

'तिणें' म्हणजे सासूबाईंनी; त्यांनी कधीच मीठ बरोबर घातलं नव्हतं.

"म्हाका खबर नासलें, अशें दिसलें तुमकां? चिमूट कमी घालताली ती. हांवें 'मीठ कमी' म्हटलें की पाठ करून हांसताली. तें पळोवपाक बोलतालों हांव."

एवढं बोलून त्यांनी ताट परत ओढलं आणि जेवायला लागले. म्हणजे ते हलणारे खांदे बघायला मिळावेत म्हणून ते 'मीठ कमी' म्हणायचे. इतकी वर्षं मी समजत होते की ते गुपित आम्हा दोघी बायकांचं आहे.

दुसऱ्या दिवशी मी मीठ चिमूटभर कमी घातलं.

"मीठ कमी," सासरे म्हणाले.

मी वाटीसाठी पाठ फिरवली. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. तशीच पाठमोरी म्हणाले, "साबण आणूं, बाबा, तोंडाक लावूंक?"

"आण," मागून आवाज आला. "पूण मध सारको घाल."